कोशात न सापडणारे शब्द

आमच्या घरी एक काका येत असत. सख्खे नव्हेत, वडिलांचे मावसभाऊ. पण लहानथोर सगळे त्यांना काकाच म्हणत. मामलेदार कचेरीत त्यांनी उभे आयुष्य कारकुनी केली. दिवसभर ‘सादर’ आणि ‘मंजुरीस्तव’ लिहून कंटाळलेला हा माणूस संध्याकाळी घरगुती पत्र लिहायला बसला, की थेट पेशवाईत जाऊन पोचायचा. आंब्याची पेटी एस.टी.ने पाठवली आहे, एवढेच कळवायचे असले तरी ते बखरीच्या थाटात. पेटी म्हणजे खजिना, कंडक्टर म्हणजे खासा सरदार, वाटेत नासलेले चार आंबे म्हणजे रणी पडलेली माणसे. आईला तर ते असे काही किताब लावायचे, की पत्र वाचता वाचता ती पदर तोंडाला लावून हसायची. ती भाषा कधीच कोणी बोलत नव्हते आणि काकांनाही ती धड येत नव्हती. निम्मे शब्द खरे, निम्मे त्यांनीच पाडलेले. पण चाल अशी अस्सल, की वाटावे, शनिवारवाड्यातूनच डाक आली.

या काकांची आणि लुईस कॅरल या इंग्रज गृहस्थाची गाठ माझ्या आयुष्यात एकाच दिवशी पडली. मी आठवीत होतो. इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेले, म्हणजे पोटात गोळा आणणारे. नगरवाचनालयात मला एक पाठपुठ्ठा निखळलेले इंग्रजी पुस्तक सापडले. त्यात एका पानावर चार ओळी चक्क उलट्या छापल्या होत्या. आईच्या फणेरपेटीच्या आरशासमोर पान धरले तेव्हा त्या सरळ झाल्या. वाचल्या. एक अक्षर कळेना! वीरकरांचा कोश काढला. पहिला शब्द नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. दुसऱ्या दिवशी ते पान घेऊन आमच्या इंग्रजीच्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी पान पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि भर वर्गात सांगितले, की आधी मांजर आणि उंदीर यांचे स्पेलिंग पाठ कर, मग असल्या पुस्तकांना हात लाव. वर्ग हसला. कान तापणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी काका आले होते. त्यांचे इंग्रजी जुन्या मॅट्रिकपुरते. मी रडवेल्या चेहऱ्याने त्या ओळी वाचून दाखवल्या आणि काका मांडीवर थाप मारून हसू लागले. शब्द त्यांनाही कळले नव्हते. पण चाल कळली होती. हा साहेब आपलाच धंदा करतोय, असे त्यांचे म्हणणे पडले.

काकांचा अंदाज किती बरोबर होता, हे कळायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

लुईस कॅरलचे खरे नाव चार्ल्स लटविज डॉजसन. इंग्लंडातल्या चेशायर परगण्यात डेअर्सबरी नावाचे गाव आहे, तिथल्या पाद्रीबाबांच्या घरी 27 जानेवारी 1832 रोजी तो जन्मला. आईवडील एकमेकांची चुलत-मावस नात्यातली भावंडे. मुले अकरा, सात मुली, चार मुलगे. हा तिसरा, पण मुलग्यांत थोरला. घर गावापासून दूर, शेतांच्या मध्ये. बाहेरची करमणूक नाही, त्यामुळे जी काय गंमत करायची ती घरातल्या घरात. भावंडांपैकी बरीचशी बोलताना अडखळत. चार्ल्सही अडखळे, आणि ती खोड जन्मभर सुटली नाही.

वडील विद्वान. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन आणि गणित या दोन्हींत पहिल्या वर्गात आलेले. असा माणूस घरात कडक असेल, असे आपल्याला वाटते. पण चार्ल्स आठ वर्षांचा होत आलेला असताना त्यांनी त्याला लिहिलेले एक पत्र शिल्लक आहे. मुलाने लीड्स शहरातून एक कानस, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक कडी आणायला सांगितली होती. वडिलांनी कळवले, की त्या तीन वस्तू तत्काळ मिळाल्या नाहीत तर आपण सगळे शहर पेटवून देऊ. आणि मग त्या गोंधळात डुकरे, बाळे, म्हाताऱ्या आणि खुद्द नगराध्यक्ष कुठे कुठे दडी मारतील याचे रसभरित वर्णन केले. हे पत्र मी प्रथम वाचले तेव्हा आमचे काकाच आठवले. कॅरलचा झरा कुठून निघाला याचा शोध घेणाऱ्यांनी पुष्कळ ग्रंथ लिहिले आहेत. माझ्या मते त्या एका पत्राशी थांबले तरी चालण्यासारखे आहे.

1843 मध्ये वडिलांची बदली यॉर्कशायरमध्ये क्रॉफ्ट या गावी झाली. घर मोठे, बाग मोठी. अकरा वर्षांच्या चार्ल्सने बागेत खेळातली आगगाडी सुरू केली आणि तिचे नियमही लिहून काढले. तो जादूचे प्रयोग करी, बाहुल्यांचे खेळ करी. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे घरातल्या घरात हस्तलिखित मासिके काढी. मासिके भावंडांनी मिळून लिहायची असे ठरे, पण पहिल्या उत्साहानंतर सगळा मजकूर संपादकालाच लिहावा लागे. हस्तलिखित मासिक काढलेल्या कोणालाही हा अनुभव नवा नाही! पहिले 1845 चे. शेवटचे ‘मिशमॅश’, म्हणजे आपल्या भाषेत ‘काला’, 1855 मध्ये सुरू झालेले. 1950 मध्ये त्या क्रॉफ्टच्या घराच्या पाळणाघराची लाकडी जमीन उखडली, तेव्हा फळ्यांखाली मुलांनी दडवलेल्या वस्तू सापडल्या. त्यात शिवणाचे एक टोपण होते, एक पांढरा हातमोजा होता आणि एका पायाचा लहानसा बूट होता. ज्यांनी अॅलिसची गोष्ट वाचली आहे त्यांना टोपण आणि हातमोजा कुठे भेटतात, हे सांगायला नको.

शाळेचे दिवस मात्र वाईट गेले. रग्बीच्या प्रसिद्ध शाळेत तो तीन वर्षे होता. अभ्यासात पुढे, पण मोठ्या मुलांची दांडगाई आणि रात्रीचा छळ यांनी हैराण. जगातले काहीही दिले तरी ती तीन वर्षे पुन्हा काढणार नाही, अशा अर्थाचे त्याने पुढे लिहून ठेवले. जानेवारी 1851 मध्ये तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात राहायला आला. आल्याला दोन दिवस होतात न होतात तोच घरून निरोप आला, की आई गेली. वय अवघे सत्तेचाळीस. तो एकोणीस वर्षांचा होणार होता. घरी अकरा मुले; धाकटी अगदीच लहान. एक मावशी आली आणि तिने घर सांभाळले. चार्ल्स ऑक्सफर्डला परतला आणि तिथे जो राहिला तो मरेपर्यंत, सत्तेचाळीस वर्षे, त्याच कॉलेजात.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो.

1855 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, डॉजसनने ‘मिशमॅश’मध्ये एक चार ओळींचे कडवे लिहिले. शीर्षक गंभीर : अँग्लो-सॅक्सन काव्यातील एक कडवे. अक्षरे मुद्दाम जुन्या वळणाची काढली. खाली कठीण शब्दांचे अर्थ, व्युत्पत्तीसह. नंतर सगळ्याचा आधुनिक इंग्रजीत गद्य अनुवाद. आणि शेवटी संपादकाचा शेरा, की हा प्राचीन काव्याचा अवशेष दुर्बोध असला तरी हृदयाला भिडणारा आहे! सगळे शुद्ध थापेबाजीचे. असे कडवे कधी कुठे नव्हते आणि बहुतेक शब्दही नव्हते.

ही थट्टा कशाची होती ते समजायला तो काळ ध्यानात घ्यायला हवा. इंग्लंडात तेव्हा जुन्या भाषेचे वेड शिगेला पोचले होते. पोथ्या शोधणे, जुने पोवाडे छापणे, एकेका शब्दावर पानभर टीपा देणे. जोसेफ बॉसवर्थ यांचा अँग्लो-सॅक्सन भाषेचा मोठा कोश 1838 मध्येच निघाला होता. हेच बॉसवर्थ पुढे 1858 मध्ये ऑक्सफर्डला त्या भाषेचे प्राध्यापक झाले. इंग्रजी गावांतून जुनाटपणाचा आव आणणाऱ्या दुकानांवर ‘द’ऐवजी ‘यी’ लिहिलेले दिसते. त्याचीही अशीच गंमत आहे. जुन्या इंग्रजीत त्या ध्वनीसाठी थॉर्न नावाचे वेगळे अक्षर होते. हस्तलिखितांत ते हळूहळू ‘वाय’सारखे दिसू लागले, आणि छापखान्यात त्याचा खिळा नसला की मुद्रक ‘वाय’ लावून मोकळे होत. म्हणजे उच्चार ‘द’चाच. मोडी न येणाऱ्याने मोडी वाचावी तसे लोक त्याला ‘यी’ म्हणू लागले आणि मग तेच भारदस्त वाटू लागले. डॉजसनला या भारदस्तपणाची नेमकी नस सापडली होती.

त्याने त्या कडव्याखाली दिलेले अर्थ पाहा. एक प्राणी आहे, तो म्हणे बिज्जूच्या जातीचा. अंगावर मऊ पांढरे केस, मागचे पाय लांब, डोक्याला सांबरासारखी आखूड शिंगे आणि मुख्य आहार चीज. एक नामशेष झालेला पोपट आहे. त्याला पंख नाहीत, चोच वर वळलेली, घरटे सूर्यघड्याळाखाली आणि खाणे वासराचे मांस. एक कासव आहे. तोंड शार्क माशासारखे, खाणे पाकोळ्या आणि कालवे. पहिल्या शब्दाची व्युत्पत्ती भाजण्याशी जोडली आहे. म्हणजे रात्रीचे जेवण चुलीवर चढवण्याची वेळ, पर्यायाने दुपार कलल्यानंतरची वेळ. टीपा इतक्या ठामपणे दिल्या आहेत, की वाचणाऱ्याने मान डोलवावी. खरी पंडिती टीप आणि खोटी टीप यांत रीतीचा काहीच फरक नाही, हेच तर त्याला दाखवायचे होते. आणि हे कोणासाठी? छापण्यासाठी नव्हे. आईविना वाढणाऱ्या भावंडांसाठी, घरच्या वहीत.

जुन्या भाषेचा खट्याळ उपयोग त्याने त्या एकाच वेळी केला असे नाही. 1853 मध्ये त्याने जुन्या पोवाड्याच्या थाटात दोन भावांची हकिकत लिहिली. मासे पकडायला निघालेले दोन भाऊ. आमिष म्हणून एकाने दुसऱ्यालाच गळाला लावले! जुन्या इंग्रजी-स्कॉटिश पोवाड्यांत भाऊ भावाचा खून करतो आणि बहीण दारात वाट पाहत असते. तीच करुण चाल, तीच बहीण, आणि प्रसंग असा. 1856 मध्ये ‘द ट्रेन’ या मासिकात त्याची एक कविता आली ती एका शूर सरदाराविषयी, शब्दांचे स्पेलिंग सगळे मध्ययुगीन, जागोजाग फाजील ‘ई’ आणि दुप्पट व्यंजने. सरदार सांगतो, माझ्यापाशी घोडा आहे. पण तो निघतो कपडे वाळत घालायचा घोडा. खोगीर आहे; ते मटणाच्या पुठ्ठ्याचे, कारण इंग्रजीत त्यालाही खोगिराचाच शब्द. लगामाचे कडियाळे आहे. तो कवितेचा तुकडा. घोडा, खोगीर, लगाम सगळे असून गडी घराबाहेर पडत नाही. कोटी साधीच आहे, आपल्या लग्नातल्या उखाण्याच्या जातीची. पण ती जुन्या स्पेलिंगात गुंडाळल्याबरोबर तिला चिलखत चढते आणि म्हणून हसू येते.

आपल्याकडे 1925 साली केशवकुमारांनी, म्हणजे आचार्य अत्र्यांनी, ‘झेंडूची फुले’त हाच मार्ग धरला, पण त्यांचे लक्ष्य समोर हयात असलेले कवी होते. डॉजसनच्या या कवितांत कोणी घायाळ होत नाही. तो चिडवतो ते भाषेला. माझे मत विचाराल तर अत्र्यांचे काम अधिक धाडसाचे आणि याचे अधिक टिकाऊ. पण हा वाद रविवारच्या सकाळी नको!

‘लुईस कॅरल’ हे नावही त्याच 1856 सालचे. चार्ल्स लटविज या स्वतःच्या दोन नावांचे त्याने लॅटिन केले, त्यांची उलटापालट केली आणि पुन्हा इंग्रजीत आणले. म्हणजे नावसुद्धा असेच, जुन्या भाषेतून फिरवून आणलेले.

इकडे डॉजसनसाहेब कॉलेजात गणित शिकवत होते. शिकवणे निरस होते, असे त्यांचे विद्यार्थी सांगत. तोतरेपणामुळे वर्गात बोलणे जड, आणि चर्चमध्ये तर फारच. त्या काळच्या नियमांप्रमाणे त्याच्यासारख्या नेमणुकीवरच्या माणसाने अविवाहित राहायचे आणि धर्मदीक्षा घ्यायची. 1861 च्या डिसेंबरात तो डीकन झाला, म्हणजे पाद्रीपदाची पहिली पायरी चढला. दुसरी तो कधीच चढला नाही. का, यावर तर्क पुष्कळ. नियमाप्रमाणे जागा जायला हवी होती. 1862 मध्ये कॉलेजचे प्रमुख, डीन हेन्री लिडल, यांच्यापर्यंत हे प्रकरण गेले. लिडलनी आधी ते वरिष्ठ मंडळापुढे नेण्याचे ठरवले आणि मग विचार बदलून तिथेच मिटवले.

या लिडलचे नाव ग्रीक शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. लिडल आणि रॉबर्ट स्कॉट या दोघांनी केलेला ग्रीक-इंग्रजी कोश आजही विद्यापीठांतून वापरतात. आणि या कोशकाराची मुलगी म्हणजे अॅलिस. कोशात नसलेल्या शब्दांचा बादशहा कोशकाराच्याच मुलीला गोष्टी सांगत होता, असा हा योग! 4 जुलै 1862 ची नावेतली सहल, तीन बहिणी, सांगता सांगता रचलेली ती बिळातली गोष्ट, 1865 मधले पुस्तक, हे सर्व इतके सांगून झाले आहे, की मी पुन्हा सांगत नाही. मराठीत भा. रा. भागवतांनी ‘जाईची नवलकहाणी’ करून ती घरोघरी नेली आहे.

पण एक गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1863 च्या जूनअखेरीस लिडल कुटुंबाशी त्याचे काहीतरी बिनसले. त्या दिवसांचे रोजनिशीतले पान पुढे कोणीतरी कापून काढले. तो उत्तम छायाचित्रकार होता आणि लहान मुलींची छायाचित्रे त्याने पुष्कळ काढली. काही अशी, की आज पाहताना आपण अस्वस्थ होतो. पुरावा तोकडा, तर्क उदंड. त्याला निर्दोष ठरवण्याची घाई मला नाही आणि फासावर चढवण्याचीही. एवढे खरे, की नावेतले ते दिवस परत आले नाहीत.

1868 मध्ये वडील गेले. आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख म्हणून तो त्या घटनेचा उल्लेख करी. अविवाहित बहिणींची जबाबदारी त्याच्यावर आली. त्याने त्यांच्यासाठी गिल्डफर्डला घर घेतले. आणि 1871 च्या डिसेंबरात ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ निघाले. सोळा वर्षे घरच्या वहीत पडून राहिलेले ते चार ओळींचे कडवे त्यात आले, आणि त्याला पुढची कडवी जोडून पुरा पोवाडा झाला : ‘जॅबरवॉकी’. रानात एक भयंकर श्वापद, बापाने मुलाला दिलेला इशारा, मुलाने तलवारीने केलेला वध, आणि मुंडके घेऊन घरी आलेल्या मुलाला बापाने घेतलेली मिठी. शब्द सगळे बनावट, पण यातले काहीही न कळणारा वाचक मला अजून भेटायचा आहे. व्याकरण अस्सल इंग्रजी, छंद अस्सल पोवाड्याचा; खोटी आहेत ती फक्त नामे, विशेषणे आणि क्रियापदे. पुस्तक निघाले तेव्हा क्रॉफ्टचा तो खट्याळ पत्रे लिहिणारा बाप तीन वर्षांपूर्वी गेलेला होता. त्या मिठीच्या कडव्याशी मी नेहमी थोडा थांबतो.

टेनिएल या चित्रकाराने त्या श्वापदाचे चित्र असे काढले, की ते पुस्तकाच्या आरंभी घातले तर मुले घाबरतील, अशी कॅरलला धास्ती पडली. त्याने काय करावे? सुमारे तीस आयांना चित्र पाठवून त्यांचा कौल घेतला! आयांनी नको म्हटले असणार, कारण चित्र आतल्या पानात गेले आणि आरंभी घोड्यावरचा भोळा पांढरा सरदार आला.

त्याच पुस्तकात हम्टी डम्टी नावाचा अंड्यासारखा पंडित अॅलिसला पहिल्या कडव्याचे अर्थ समजावतो. दोन कप्प्यांची प्रवासी बॅग मिटावी तसे दोन अर्थ एका शब्दात बसवले आहेत, हे त्याचे स्पष्टीकरण इतके गाजले, की अशा जोडशब्दांना इंग्रजीत आजही ‘पोर्टमँटो’ म्हणतात. पण गंमत पुढेच आहे. 1855 च्या वहीतले अर्थ आणि 1871 च्या पुस्तकातले अर्थ जुळत नाहीत. वहीतले कासव पुस्तकात हिरवे डुक्कर झाले. बिनपंखी पोपटाचा पिसे विस्कटलेला, जित्या कुंच्यासारखा पक्षी झाला. चीज खाणाऱ्या प्राण्याने चीज सोडले नाही, पण शिंगे टाकून तो बिज्जू, पाल आणि बूच काढायचा स्क्रू यांचे मिश्रण बनला. ज्याने शब्द केले त्याचेच दोन अर्थ! आणि मी बिचारा वीरकरांच्या कोशात शोधत होतो.

1872 च्या फेब्रुवारीत ‘मॅकमिलन्स मॅगझिन’मध्ये एक लेख आला. लेखकाने दावा केला, की ‘जॅबरवॉकी’ ही मूळची जुनी जर्मन कविता असून कॅरलने तिचे केवळ भाषांतर केले आहे; एका प्लँचेटच्या बैठकीत आपल्याला ही माहिती मिळाली. पुरावा म्हणून संपूर्ण जर्मन कविता सोबत जोडलेली. हा लेखक कोण? लिडलचे भागीदार, ग्रीक कोशवाले रॉबर्ट स्कॉट! जन्मभर शब्दांचे खरे अर्थ लावलेल्या माणसाला बनावट शब्दांत एवढी मजा यावी, हे मला फार लोभस वाटते. लेखाखाली त्यांनी सही केली थॉमस चॅटरटन या नावाने.

हे नाव हसत हसत घेतले असले तरी त्याच्यामागे एक कोवळे मरण आहे. चॅटरटन हा ब्रिस्टलचा मुलगा, जन्म 1752, बापामागे जन्मलेला. तिथल्या चर्चमधल्या पेटाऱ्यातली जुनी चर्मपत्रे घरी आलेली. त्यांवर तो वाढला. पोरवयातच त्याने पंधराव्या शतकातला एक भिक्षू-कवी कल्पनेने उभा केला आणि त्याच्या नावावर जुनाट इंग्रजीत सुंदर कविता लिहून त्या सापडल्या म्हणून सांगितल्या. थोरामोठ्यांनी आधी वाखाणले, मग शंका येताच झिडकारले. 1770 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या एका माळ्यावर सोमल पोटात जाऊन तो गेला. वय सतरा. स्कीट या पंडिताने 1871 मध्येच, म्हणजे कॅरलच्या पुस्तकाच्याच वर्षी, दाखवून दिले, की चॅटरटनने आपले जुने शब्द छापील कोशांतून वेचले होते. एकाने कोशातले शब्द घेतले आणि जग त्याला लबाड म्हणाले. दुसऱ्याने कोशात नसलेले शब्द घेतले, आधीच डोळा मिचकावला, आणि जग त्याच्या मागे लागले.

1874 च्या जुलैत डॉजसन गिल्डफर्डला होता. एका क्षयी तरुणाची, त्याच्याच नात्यातल्या मुलाची, शुश्रूषा चालली होती. रात्रभर जागून सकाळी तो टेकडीवर फिरायला गेला असता एक निरर्थक ओळ मनात आली. तिथून मागे मागे जात 1876 मध्ये ‘द हंटिंग ऑफ द स्नार्क’ हे दीर्घकाव्य पुरे झाले. तो मुलगा मात्र त्याच वर्षी, 1874 मध्येच, गेला होता. स्नार्क म्हणजे काय, असे लोक जन्मभर विचारत राहिले, आणि हा जन्मभर सांगत राहिला, की मला ठाऊक नाही.

उतारवयात डॉजसन जरा विक्षिप्त झाला. ‘लुईस कॅरल’ या नावाने कॉलेजच्या पत्त्यावर आलेली पत्रे तो परत पाठवी. आल्या-गेल्या पत्रांची त्याने 1861 पासून नोंदवही ठेवली. शेवटचा आकडा 98,721. व्हिक्टोरिया राणीने अॅलिस वाचून खूश होऊन पुढचे पुस्तक मागवले आणि तिला गणिताचा ग्रंथ मिळाला, ही गोष्ट आपणही ऐकली असेल. तिचा त्याने 1896 मध्ये छापील इन्कार केला. 14 जानेवारी 1898 रोजी गिल्डफर्डच्या घरी, बहिणींच्या सहवासात, न्यूमोनियाने तो वारला. सहासष्ट पुरे व्हायला तेरा दिवस कमी होते. त्यानंतर चारच दिवसांनी कोशकार लिडलही गेले.

पुढे पुण्याला कॉलेजात असताना एका दुपारी मी ग्रंथालयातला ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडला. ‘जॅबरवॉकी’त मुलगा विजयी होऊन येतो तेव्हा बाप आनंदाने एक आवाज काढतो, खिदळणे आणि फुरफुरणे यांच्या मधला. ‘चॉर्टल’ हा तो शब्द. कोशात होता! समोर कॅरलचे नाव होते. आता इंग्रज माणसे तो रोज वापरतात, आणि कुठून आला, हे निम्म्यांना ठाऊक नसते.

त्याच संध्याकाळी मी काकांना कार्ड टाकले. त्यांच्याच भाषेत, जमेल तसे. एक बेवारस शब्द शंभर वर्षांच्या वेढ्यानंतर कोशाच्या किल्ल्यात दाखल जाहला, असे काहीतरी. आठ दिवसांनी उत्तर आले. पेशवाई अक्षर, कोपऱ्यात शाईचा डाग. शब्दास वतन मिळाल्याचे वाचून परम संतोष जाहला. मात्र अर्जदारास ज्या मास्तरांनी वर्गात उभे केले होते, त्यांस सदर किल्ल्याची वर्दी रवाना केली किंवा कसे, याचा खुलासा परत टपाले यावा, अशी खाली नोंद होती.